काठ, किनार आणि एक विसरलेला शब्द

गेल्या शनिवारी एक साडी कापायची होती. ती अजून कापली नाही. मधल्या आठ दिवसांत काय काय वाचलं ते आज टंकून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वीकांताला आईसमोर माझी बाजू मांडायला बरं पडेल.

साडी आजीची. टसरची, करवती काठाची. अंग मधाच्या रंगाचं, काठ लाल, आणि काठ जिथे अंगाला भेटतो तिथे करवतीसारखे दाते. पन्नासच्या दशकात आजीच्या लग्नात तिच्या माहेरून, म्हणजे मोहाडीकडून आलेली. आता अंग जागोजागी विरलंय, बोट लावलं तरी फाटतं, पण काठ ठणठणीत. चुलत बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. आईने ठरवलं की काठ काढायचा, नव्या रेशमी कापडाला लावायचा आणि तिला द्यायचा. आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात वावगं काहीच नाही. मी ड्रायव्हर. इतवारीत एका फॉल-पिकोवाल्याकडे गेलो. त्याने साडी उलगडली, दात्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सरळ कापून देतो. पण हे दाते नाही राहणार भाऊ. दाते पाह्यजे असन तर कोष्ट्याला विचारा."

म्हणून साडी परत घरी आली. ज्या ट्रंकेतून ती निघाली त्याच ट्रंकेत आजीचा दुसरा ठेवा होता, लक्ष्मीपूजनाचे रुपये. हळदकुंकू लागून लागून काळपट झालेले. आम्ही लहानपणी त्यांना सरसकट 'राणीछाप' म्हणायचो, पण त्यात राणी तीनच, बाकी दोन राजे. रात्री झोप येईना म्हणून भिंग घेऊन बसलो. (सॉफ्टवेअरवाल्याचे डोळे तसेही रात्री दोनपर्यंत उघडेच असतात.)

1862 चा रुपया पाहिलाय का कधी नीट? एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला मधोमध 'एक रुपया, इंडिया' आणि साल, आणि त्याभोवती फुलापानांची वेल, गोलाकार, दाट, अगदी साडीच्या काठासारखी. हीच वेल पुढच्या राणीच्या रुपयांवरही आहे. सातव्या एडवर्डच्या, 1907 च्या रुपयावर ती जरा सुटी होते, दोन बाजूंनी दोन डहाळ्या आणि वर मुकुट. पाचव्या जॉर्जच्या, 1918 च्या रुपयावर मात्र गंमत आहे. तिथे वेलीत चार वेगवेगळी झाडं गुंफलीत. गुलाब म्हणजे इंग्लंड, काटेरी थिसल म्हणजे स्कॉटलंड, तीन पानांचा शॅमरॉक म्हणजे आयर्लंड. चौथं आपलं कमळ. साम्राज्य काठावर लिहून काढलंय, एक अक्षरही न वापरता.

याच राजाच्या 1911 च्या रुपयाची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. गवगवा झाला, बरीच नाणी परत वितळवली आणि 1912 पासून सुधारून हत्ती काढला. काठावरची कमळं-गुलाब मात्र कोणाला खुपली नाहीत. काठाकडे कोण बघतं?

तर मला प्रश्न पडला की अशा फुलापानांच्या काठाला काही नाव आहे का. आपल्याकडे वेलबुट्टी म्हणू. पण ज्यांनी हे शिक्के पाडले ते लोक ढालींवरच्या चिन्हांचं एक अख्खं शास्त्र बाळगून होते, हेरल्ड्री, आपण त्याला कुलचिन्हशास्त्र म्हणू. जालावर शोधत गेलो आणि पहाटे एकच्या सुमारास एक शब्द सापडला. वर्डॉय.

वर्डॉय म्हणजे ढालीच्या कडेने जो पट्टा असतो त्यावर पानं, फुलं, फळं असतील तर तो पट्टा. मूळ फ्रेंच, हिरवं होणं, हिरवळणं या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. जॉन गिलिम नावाच्या इंग्रजाने 1610 मध्ये हेरल्ड्रीवर मोठा ग्रंथ छापला, त्यात या शब्दाची सगळी भावंडं आहेत. काठावर पक्षी असले तर एनॅल्युरॉन. पशू असले तर एनर्नी. झाडंपानं असली तर वर्डॉय. निर्जीव वस्तू असल्या तर एंटॉयर. आणि गंमत म्हणजे या शब्दांत संख्याही गृहीत धरलेली. वेगळं सांगितलं नसेल तर आठ समजायचे. आठ पक्षी, आठ पानं. म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू! मी अंथरुणात उठून बसलो.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे. ढालीचं वर्णन करायची जी भाषा आहे ती चित्र नाही, ती चित्राची संहिता आहे. आधी पार्श्वभूमीचा रंग, मग मधलं मुख्य चिन्ह, मग बाकीची, आणि काठ सहसा शेवटी. हा क्रम पाळून वाक्य लिहिलं की जगातला कुठलाही चितारी ते वाचून ढाल काढणार. सिंहाची आयाळ कोणी कुरळी काढेल कोणी सरळ, पण ढाल तीच. मजकूर वेगळा आणि मांडणी वेगळी, हे आम्हाला वेबपानं बनवताना घसा कोरडा करून शिकवावं लागतं आणि हे लोक आठशे वर्षांपूर्वी करून बसले होते. अशा भाषेत वर्डॉय म्हणजे एक शॉर्टकट. 'काठावर आठ पानं' म्हणण्याऐवजी एक शब्द.

आणि तरीही तो मेला. पुढच्या जाणकारांना ही चौकडी नुसती पंडिती वाटली. सरळ 'काठावर आठ गुलाब' म्हणा ना, त्यात काय अवघड आहे? आज हे शब्द जुन्या कोशांत भेटतात, वापरात नाहीत. आमच्या भाषेत डिप्रिकेटेड.

काठाचे मूळ शब्द मात्र टिकले, आणि ते कुठून आले हे वाचून मला आजीच्या साडीकडे परत बघावंसं वाटलं. ढालीच्या कडेला चिकटून असलेला पट्टा म्हणजे बॉर्ड्यूर. कडेपासून थोडा आत, सुटा, ढालीच्याच आकाराचा पट्टा म्हणजे ऑर्ल. आणि त्याहून बारीक, बहुधा दुहेरी, म्हणजे ट्रेशर. ऑर्ल हा शब्द शिवणकामातला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कापडाची दुमडून शिवलेली कड, आपली दुमड. आजच्या फ्रेंचमध्येही दुमडीला जवळपास तोच शब्द आहे. ट्रेशर तर सरळ वेणीवरून आला, केसांत गुंफायची फीत. म्हणजे चिलखत घालून एकमेकांची डोकी फोडणाऱ्या सरदारांच्या ढालीवरचे शब्द शिंप्याकडून आणि वेणीफणीतून उचललेले! कोणी शिलेदार हे कबूल करणार नाही, पण शब्द खोटं बोलत नाहीत.

याहून पुढची गंमत. त्या ऑर्लच्या मागे लॅटिन 'ओरा' आहे. ओरा म्हणजे कड, आणि ओरा म्हणजे समुद्राचा किनारा. आता आपले शब्द घ्या. नदीचा काठ, साडीचा काठ. समुद्राचा किनारा, साडीची किनार. बॉर्ड्यूरच्या मुळाशी जो शब्द आहे तोही जहाजाच्या कडेला लावतात. इथे आणि तिथे, दोन्हीकडे कापड म्हणजे पाणी आणि जिथे ते संपतं तो काठ. कोणी कोणाकडून घेतलं असेल असं मला वाटत नाही. जिने पहिल्यांदा धोतर किंवा झगा वाऱ्यावर वाळत टाकला, तिला ते दिसलं असणार.

काठ नुसता शोभेचा नव्हता. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड, त्याचा धाकटा मुलगा जॉन ऑफ एल्थम. थोरला मुलगा तिसरा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, त्याची ढाल बापाचीच, तीन सिंह. धाकट्यालाही तेच सिंह हवेत, पण तो राजा नाही. मग त्याच्या सिंहांभोवती निळा काठ आला आणि त्या काठावर सोनेरी लिलीची फुलं, आईकडून आलेली, कारण आई फ्रान्सच्या राजाची मुलगी. जॉन 1336 मध्ये वारला, वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची समाधी आहे. एका काठात किती सांगून झालं बघा. मी या घरचा आहे, धाकटा आहे, आणि माझं आजोळ अमुक आहे. आजीच्या साडीचंही तेच नाही का? साडी सासरी नेसली जायची आणि काठ सांगायचा की बाई मोहाडीकडची.

कधी कधी धाकट्याचा काठच थोरला होतो. पोर्तुगालमध्ये दुसऱ्या सांचोला बाजूला सारून त्याचा धाकटा भाऊ तिसरा अफोन्सो 1248 मध्ये राजा झाला. त्याच्या ढालीला धाकटेपणाचा लाल काठ होता, त्यावर किल्ले. राजा झाल्यावर त्याने तो काढला नाही. तोच काठ देशाचा झाला, आमच्या शेजारच्या गोव्यात साडेचारशे वर्षं कमानींवर आणि किल्ल्यांवर कोरला गेला, आणि पोर्तुगालच्या झेंड्यावर आजही त्या लाल काठात सात किल्ले आहेत. गिलिमच्या हिशेबाने हा एंटॉयर झाला, वर्डॉय नव्हे, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

वेलीचा सगळ्यात मानाचा काठ स्कॉटलंडचा. लाल सिंहाभोवती दुहेरी ट्रेशर आणि त्यातून आलटून पालटून आत-बाहेर डोकावणारी लिलीची फुलं. तेराव्या शतकापासून आहे. पुढे दंतकथा जोडली गेली की हा काठ शार्लमेनने मैत्रीखातर दिला. दंतकथाच ती, पण इतर कोणाला असा काठ लावायचा तर राजाची परवानगी लागायची, हे खरं. ब्रिटनच्या राजचिन्हात चार खाने असतात, त्यातल्या दुसऱ्यात हा फुलांचा काठ अजून आहे. म्हणजे इंग्रजी अमदानीत जिथे जिथे ते राजचिन्ह लागलं तिथे तिथे ही फुलं होती, आणि खाली उभ्या असलेल्या अशिलाला अर्थातच त्याच्याशी काही घेणं नव्हतं.

आता नागपूर. इथे कुलचिन्ह का नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर या सगळ्यांना ढाल आहे, खाली ब्रीदवाक्य आहे. ही परंपरा आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीला लॉर्ड लिटनने दरबार भरवला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला. त्यासाठी बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने नव्वदेक संस्थानिकांसाठी युरोपीय धाटणीची चिन्हं रचली. ती जड रेशमी निशाणांवर काढून राजेलोकांच्या हाती दिली. निशाणं इतकी जड होती की पेलवणाऱ्यांची त्रेधा उडाली. आज ज्याला आपण घराण्याचं पुरातन चिन्ह समजतो त्यातली बरीच या एका माणसाच्या टेबलावरून उठलेली आहेत.

नागपूरकर भोसले त्या रांगेत नव्हते. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं, हत्तीघोडे-जडजवाहीर लिलावात गेले. दरबारात ढाली वाटल्या तेव्हा आमचं राज्य संपून तेवीस वर्षं झाली होती. चिन्ह द्यायला राजाच नव्हता. 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने पहिल्या रघूजींची तलवार सुमारे 47 लाखांना परत आणली. तिच्यावर ढाल नाही, सिंह नाही. युरोपीय पात्यावर सोन्याने देवनागरीत नाव आहे आणि सेनासाहेब सुभा हा किताब. आपली पद्धत ती होती. चित्राऐवजी अक्षर. मराठी पत्राच्या डोक्यावर मुद्रा उमटायची आणि मजकूर संपला की मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर मर्यादा हाच शब्द आहे, म्हणजे इथे हद्द झाली, याखाली कोणी काही घुसडू नये. कागदाचाही काठच की. अजूनही शाळेत बाई सांगतात, समास सोडा.

पण 1 जानेवारी 1877 ला नागपुरात काहीच झालं नाही असं नाही. जमशेटजी टाटांनी नेमक्या त्याच दिवशी इथे आपली कापडगिरणी सुरू केली आणि सम्राज्ञीच्या मानाने नाव ठेवलं एम्प्रेस मिल. त्याच वर्षापासून रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन'च्या जागी 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' आलं. आजीच्या तीनपैकी दोन राण्या 'एम्प्रेस' आहेत. म्हणजे एकाच दिवशी दिल्लीला राजांना रेशमी निशाणं मिळाली आणि नागपूरला गिरणीचा भोंगा मिळाला. कोणाला काय लाभलं याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गिरणीने हजारो घरं पोसली, शहर वाढवलं. आणि त्याच भोंग्याने हातमागाच्या साध्या कापडाचं मोल घटवलं. कोष्ट्यांच्या हाती मुख्यतः ते उरलं जे यंत्राला चटकन जमत नव्हतं, रेशीमकाठी धोतरं आणि साड्या. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये नागपूर-उमरेडचं नाव त्यासाठीच येतं. गिरणी 2002 मध्ये बंद पडली, त्या जागी आता मॉल आहे. मी तिथून गेल्याच महिन्यात बूट घेतले.

यंत्राला जे जमत नव्हतं त्यात करवती काठ पहिला. रविवारी मी साडी घेऊन तांडापेठेत गेलो. दोन गल्ल्या विचारत विचारत एका म्हाताऱ्या विणकरकाकांपर्यंत पोचलो. माग आता घरात नाही, मुलगा दुसरंच काही करतो. त्यांनी साडी मांडीवर घेतली आणि उलटी केली. आपण साडी सुलट बघतो, ते उलट बघतात.

"हे तीन धोट्याचं काम आहे," ते म्हणाले. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारी ती होडीसारखी लाकडी वस्तू. एक धोटा मधल्या टसरचा, दोन दोन्ही काठांच्या सुताचे. प्रत्येक ओळीला मधला धागा काठापर्यंत येतो, काठाच्या धाग्याला अडकवायचा आणि परत फिरवायचा. कुठे अडकवायचं ती जागा एकेक ओळीने पुढे सरकवायची, मग मागे. असा दाता तयार होतो. "दाता कुठं आहे सांगा पाहू? काठात आहे का अंगात?"

मला सांगता येईना.

"दोघात आहे. म्हणून कापाचा नसते तो. सरळ कापला तर इकडले दाते इकडं जाते, तिकडले तिकडं, अन् सुटते सारं."

मी मोबाइल काढून विचारलं, काका, काठांची नावं सांगता का, लिहून घेतो. त्यांनी सांगायला सुरुवात केली. करवती. रुईफूल. चटई. रुद्राक्ष. गोम. मग थांबले. "अजून होते. घरातली बाई बोलाची ती नावं. आम्ही हातानंच ओळखो." काकू गेल्याला सहा वर्षं झाली म्हणे.

घरी येऊन मी एक पोरकटपणा केला. गिलिमच्या चार खान्यांत ती नावं भरली. रुईफूल, रुद्राक्ष: वर्डॉय. चटई, करवत: एंटॉयर. पैठणीवरचा मोर: एनॅल्युरॉन. गोम कुठे टाकायची कळेना, ती पशू म्हणायची का? चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताच्या तक्त्यात शेकडो पाय असलेल्या प्राण्याची सोय नाही. आमच्या बायकांनी मात्र तिला रेशमात बसवून अंगावर घेतली.

आईला फोनवर हा तक्ता वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "गोम नाही रे, गोमी. आजी गोमी काठ म्हणायच्या." मग जरा वेळाने, "अजून एक होता, काय बरं... थांब, आठवलं की सांगते." अजून सांगितलेलं नाही.

तांडापेठेतून निघताना काकांनी एक उपाय सांगितला होता. दात्यांच्या आत चार बोटं टसर ठेवून कापायचं, मागून मलमल लावून तो पट्टा पक्का करायचा, आणि मग तो नव्या कापडावर वरून बसवायचा. दाते शाबूत राहतील, आजीच्या मधाच्या रंगाची चार बोटंही राहतील. नवं कापड मात्र त्या रंगाशी जुळणारं शोधावं लागेल, लाल-हिरवं चालणार नाही, आणि बहिणीने हिरवं आधीच पसंत करून ठेवलंय. शनिवारी तिला घेऊन गांधीबागेत जायचंय. साडी तोवर माझ्या टेबलावर आहे, उलटी घडी घातलेली.